सहाणेसमोर तापलेली गाडी

काकांच्या अमेरिकन गाडीचं बॉनेट आमच्या वाडीत कोणी उघडं बघितलं नव्हतं. गाडी महाडच्या बाजारात उभी असली की माणसं भोवती जमायची. कोणी दाराच्या मुठीवरून हात फिरवायचं, कोणी काचेला नाक लावायचं. पण बॉनेटला हात लागला की काका अर्धा चहा टाकून हॉटेलातून बाहेर यायचे. "भाजंल," एवढंच म्हणायचे.

बाहेरून ती गाडी थकलेली दिसे. दोनच दारं, खाटेएवढं लांब बॉनेट, डावीकडे स्टिअरिंग, फिकट बदामी रंगाचे पोपडे उडालेले. कुर्ल्याच्या ज्या गॅरेजात काकांची उमर गेली, तिथे ती एका शेठजींची गाडी म्हणून यायची. शेठजी वारले, मुलांनी ती भंगारात काढली आणि काकांनी मागून घेतली. पुढे कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी काका तिच्याखाली आडवे पडलेले असत. रंगाला त्यांनी हात लावला नाही. मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन मात्र उतरवलं आणि एका अपघातात चेपलेल्या परदेशी गाडीचं आठ सिलिंडरचं बसवलं. वरचं बॉनेट तेवढं जुनंच ठेवलं. चाकांवरच्या गंजलेल्या झाकणांच्या आड नवे डिस्क ब्रेक बसवले. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मेलेला होता, तो तसाच राहू दिला आणि नवा काटा समोरच्या खणात, कागदपत्रांच्या मागे लावला.

हे मला ठाऊक होतं, कारण एका सकाळी त्यांनी मला महाडवरून पोलादपूरला आणलं. चौपदरी रस्त्यावर मागून एक नवी पांढरी गाडी हॉर्न वाजवत आली आणि पुढे जाताना आतल्या माणसाने हात बाहेर काढून 'धक्का मारू का' अशी खूण केली. काकांनी पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. थोड्याच वेळात ती पांढरी गाडी आरशात काडेपेटीएवढी झाली.

"आरसी बुकात कुठलं इंजिन लिहिलंय?" मी विचारलं.

"जुनं."

"म्हणजे खोटं."

"खोटं कसं? झाकलेलं."

"पण झाकायचं कशाला?"

"समोरच्याने आपल्याला कमी समजावं आणि आपण गप ऱ्हावं. त्याच्यात लय ताकद हाय, बाय."

मला हे कधीच पटलं नाही. मी पुस्तिकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेली मुलगी. माझे वडील, अण्णा, दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर रस्त्याच्या कडेला चादर अंथरून पुस्तिका विकायचे आणि मी त्यांच्यामागे बसून त्या वाचायची. बत्तीस पानी, पिन मारलेल्या, शाई हाताला लागणाऱ्या. जे मुखपृष्ठावर, तेच आत. लोक आपल्याला कमी समजतात हीच तर आपली तक्रार, मग तिलाच ताकद कसं म्हणायचं? काका हसले आणि गाडी हळू केली.

दादाचं लग्न ठरलं त्या वर्षी आमच्या गावात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो मी उभा केला होता.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता आधी वरच्या आळीत येतो, देवळासमोरून जातो, पालखी टेकवायची दगडी सहाण ओलांडतो आणि मग ओढ्याकडे, आमच्या बौद्धवाडीकडे उतरतो. या रस्त्याने आम्ही रोज जातो. रिक्षा जाते, दूधवाला जातो, आजारी माणूस जातो. फक्त आमची वरात जाताना वाजंत्री देवळापासून सहाणेच्या पुढपर्यंत गप्प बसायची. कारण विचारलं तर, "देवासमोर आवाज कशाला?" वरच्या आळीच्या वराती मात्र देवासमोर अर्धा अर्धा तास नाचायच्या. पूर्वी आमचे लोक हा प्रश्नच येऊ नये म्हणून ओढ्याकाठच्या पायवाटेने वरात न्यायचे. ती वाट पुरात खचली.

मी एका पानाचं पत्रक लिहिलं. महाडमध्ये छापलं आणि गावात घरोघर दिलं, वरच्या आळीतही. त्यात शिवी एक नव्हती, पण 'देवाला सनईचा आवाज कळतो, सनईवाल्याची जात कळते का' असं एक वाक्य होतं. त्यावरून बैठक झाली. पोलीस पाटील मध्ये बसले, पोलादपूरहून हवालदार आले. बऱ्याच वेळाने ठरलं ते असं: वाजवत यायचं, वाजवत जायचं. देवळासमोर थांबायचं नाही. सहाणेपाशी नाचायचं नाही.

"ही वरात नीट गेली तर पुढं बघू," वरच्या आळीतले एक जण म्हणाले. "राडा झाला तर पहिल्यासारखं."

त्या मोसमात वाडीत अजून दोन लग्नं होती. त्या दोन्ही घरांचा डोळा दादाच्या वरातीवर होता.

दादा बैठकीहून आला तो चिडलेला. "माझ्या लग्नात तुझं पत्रक कशाला घुसवलंस?"

"मी नाही घुसवलं. रस्ताच तिथून जातो."

"लग्न माझं हाय की तुझं आंदोलन?"

मी म्हटलं, आपण चालत जाऊ, सगळी वाडी मिळून, सरळ रस्त्याच्या मधून. तेव्हा काका बोलले, "चालत तर जन्मभर गेलो आपण. पोरगा गाडीतनं जाईल. असली गाडी वरच्या आळीत कोणाच्या दारात नाय."

लग्न पोलादपूरच्या हॉलमध्ये दुपारी लागलं. मुंबईचे पाहुणे वीर स्टेशनवर उतरून रिक्षांनी आले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा गाडी ओळखू येत नव्हती. वाडीतल्या बायकांनी पहाटेपासून बसून झेंडूची एक जाळी विणली होती आणि ती पुढच्या ग्रिलवर पसरून बांधली होती. एकावर एक तीन थर, मध्ये पांढऱ्या शेवंतीचं वर्तुळ. वाडीत कुठलीही गाडी सजवायची तर अशीच, पुढचं तोंड पूर्ण झाकून. टेम्पो सजवला तसा, जीप सजवली तशी. टेम्पोला त्याने काही झालं नव्हतं.

"काका, हवा कुठून जाणार?" मी विचारलं.

काकांनी जाळीकडे पाहिलं आणि मग ती विणणाऱ्या बायकांकडे. त्यांच्या बोटांना अजून पिवळा रंग होता. "जाईल," ते म्हणाले. "माझी गाडी तापत नाय."

मी चालणार होते. पण वहिनी सगळ्यांना नवी होती, पांढऱ्या साडीत अवघडून मागे बसलेली. दादा म्हणाला, "तू पुढं बस गो, तिच्याशी बोल जरा." म्हणून मी उजव्या सीटवर बसले.

पोलादपूरपासून गावाच्या वेशीपर्यंत रस्ता मोकळा होता, वारा लागत होता, काहीच झालं नाही. वेशीपासून वरात सुरू झाली. पुढे खालूबाजाची सनई आणि ढोल, मागे बायका, त्यांच्यामध्ये आमची गाडी माणसाच्या चालीने. चढ होता. पळण्यासाठी बनवलेलं ते इंजिन मुंगीच्या पावलाने चाललं होतं आणि सारखं थरथरत होतं. मी खण उघडला आणि कागद बाजूला सारले. काटा मध्यावरून वर सरकला होता.

"काका."

"बघतोय मी."

"तुम्ही रस्ता बघताय."

"बंद कर तो खण. कोणी बघंल."

मी उघडाच ठेवला. देऊळ आलं. दोन्ही बाजूंना ओट्यांवर वरच्या आळीतली माणसं उभी होती, हाताची घडी घालून. सनई वाजत होती. त्या जागेवर मी आमची सनई जन्मात प्रथम ऐकत होते आणि मला ती धड ऐकू येत नव्हती, कारण माझे डोळे खणात होते. काटा तांबड्या पट्टीला लागला.

"थांबवा," मी म्हटलं.

"इथं? देवळासमोर?" काकांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. "सहाण ओलांडू दे. पुढं उतार हाय." आणि त्यांनी डॅशबोर्डखालचा एक दांडा ओढला. एकदम आमच्या पायांवर भट्टीसारखी हवा आली.

"हे काय?" मागून दादा ओरडला.

"हिटर. इंजिनाची गरमी आत घ्यावी लागते. सोसा जरा."

मे महिन्यात, भर चढावर, नवरा-नवरीला हिटर लावून आम्ही देवळासमोरून निघालो. वहिनीचं काजळ गालावर आलं. ती पदराने दादाच्या कपाळावरचा घाम टिपत राहिली. देऊळ मागे पडलं. सहाण समोर आली. तिच्या अगदी पुढ्यात बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली, आधी चुलीएवढी, मग एकदम भरभरून.

काकांनी इंजिन बंद केलं. "चालू ठेवलं तर हेड जाईल," ते म्हणाले, कोणाला ते कळलं नाही. गाडी थांबली, तशी सनई थांबली. ढोलवाल्याने अजून दोन ठोके दिले आणि तोही थांबला.

थांबायचं नाही असं ठरलं होतं. आम्ही थांबलो होतो, सहाणेच्या पुढ्यात.

आणि गाडी मागे सरकू लागली. काकांनी ब्रेकवर पाय रोवला. "बाय, उतर. मागच्या चाकाला दगड लाव. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, मला पाय उचलता येत नाय."

"हँडब्रेक?"

"तेवढा जुनाच हाय."

गाडीमागे बायका होत्या, लहान पोरं होती. मी उतरले. रस्त्याच्या कडेला सहाणेच्या बाजूचा दगडी कुंपणाचा गडगा ढासळलेला होता. मी वाकले आणि दोन हातांनी एक दगड उचलला.

ताठ झाले तेव्हा मला कळलं की सगळे माझ्याकडे बघतायत. समोरच्या ओट्यावरून एक तरुण खाली उतरला. "दगड उचलला हां," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघा. पत्रकवाली हाय ती."

"चाकाला लावतेय," मी म्हटलं.

"आमाला नको शिकवू. ठरलं व्हतं काय, थांबायचं नाय."

"गाडी बंद पडलीय, दिसत नाही?"

"बरोब्बर इथंच बंद पडली?"

मी त्याच्याकडे पाठ केली आणि दगड चाकामागे ठेवला. दुसरा उचलायला पुन्हा वाकावं लागलं. तोवर आमचे चार जण पुढे आले होते, त्यांचे तीन. हवालदार सहाणेच्या टोकाला उभे होते, ते चालू लागले. काकांनी पाय उचलला, गाडी दगडावर टेकली आणि राहिली.

मी पुढे जाऊन झेंडूची जाळी तोडायला लागले. दोरा चिवट होता, आतलं लोखंड भाजत होतं. फुलं शिजल्यासारखी झाली होती. मागे आमच्याच बायकांपैकी कोणीतरी हळहळलं.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाई आली. कमरेवर हंडा, भरलेला. तिच्या मागे तिची सून. म्हातारी कोणाकडे न बघता सरळ बॉनेटकडे गेली. "तापलीय ना? घ्या, वता पाणी."

काका दारातून अर्धे बाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, "पाणी नको. लांब न्या ते पाणी."

म्हातारी जागच्या जागी थांबली. हंडा हिंदकळून तिचं लुगडं भिजलं.

"आमचं पाणी चालत नाय काय तुमाला?" म्हातारी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. "मी आपणहून आणलं."

"बघितलं?" तो तरुण म्हणाला. "म्हातारीचं पाणी परत पाठवतात. आता कोण कोणाला पाणी नाय म्हणतंय? लिव की पत्रकात."

पाण्यावरून काय काय झालं ते मी लहानपणापासून वाचलेलं होतं. पाणी नाकारणारे कोण आणि ज्यांना नाकारलं गेलं ते कोण, हे मला पानासकट पाठ होतं. त्या सगळ्या पुस्तिकांत या घटकेला उपयोगी पडेल अशी एक ओळ नव्हती. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतलं तर लोखंड तडकतं आणि रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी माणसाच्या तोंडावर येतं. काका तिला वाचवत होते. पण हे बंद बॉनेटसमोर उभं राहून कोणाला पटवणार?

"काका, बॉनेट उघडा," मी म्हटलं.

काकांनी हवालदारांकडे पाहिलं. ते आता अगदी जवळ होते. "आता नको."

"आताच. नाहीतर आजींना काय सांगणार?"

"आरसी बुक," काका ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"काका, उघडा."

त्यांनी आत हात घालून तार ओढली, फडकं गुंडाळून बॉनेट वर केलं आणि सगळे तीन पावलं मागे सरले. वाफेचा लोट सहाणेवर गेला. आत पाणी उकळतानाचा आवाज येत होता, भाताच्या मोठ्या पातेल्यासारखा. बाजूला सांडलेल्या थेंबांचे डांबरावर बुडबुडे होत होते.

"अगो बाय," म्हातारी म्हणाली. "ह्याच्यात हात घालणार व्हते मी."

"तेच सांगत व्हतो आजी," काका म्हणाले. "पाणी लागंल. पण निवल्यावर."

वाफ विरळ झाली, तसं इंजिन दिसायला लागलं. तो ओरडणारा तरुण आपोआप पुढे वाकला. तोही मुंबईला गाडी चालवणारा. "आठ हायत," तो म्हणाला. एवढंच. हवालदारांनी टोपी मागे सारली.

"हे मूळचं आहे का?"

काका माझ्याकडे बघत नव्हते, पण मला वाटलं ते मलाच उत्तर देतायत. "मूळचं फक्त बॉनेट, साहेब."

दोघं-तिघं हसले, त्यांत त्यांच्याकडचेही होते. हवालदार हसले नाहीत. "लग्न उरकलं की कागद घेऊन या," ते म्हणाले. लग्नानंतर काका कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तेव्हापासून ती गाडी वाडीत ताडपत्रीखाली उभी आहे, इंजिनाची नोंद होईपर्यंत. मला त्याचं वाईट वाटतं, आणि तरी उघडायला सांगितलं ते बरोबरच सांगितलं असंही वाटतं.

इंजिन निवायला वेळ लागणार होता. ऊन तिरपं झालं होतं, पण हटत नव्हतं. म्हातारीने हंडा सहाणेशेजारच्या कट्ट्यावर ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली. दादा गाडीतून उतरला. पांढरा कोट घामाने पाठीला चिकटलेला. तो सरळ तिच्याकडे गेला.

"आजी, गाडीला नको तर मला द्या. घसा सुकलाय."

"घे रे बाबा." तिने हंडा उचलला. दादा खाली वाकला आणि त्याने ओंजळ केली. हंडा वर, ओंजळ खाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "घरात तांब्या नाही का?"

दादाने ओंजळीतूनच वर बघितलं. त्या नजरेत तो मला काय म्हणत होता ते मला ठाऊक आहे. जुळलं होतं सगळं, आणि तू. पोलीस पाटील खाकरले. आमच्यातल्या एकाने माझा दंड धरला. म्हातारी हंडा धरून तशीच उभी. जड होता हंडा.

सून आत गेली. ती आत होती तेवढा वेळ कोणी हललं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळी तांब्या होता, घासलेला, रोजचा. तिने तो हंड्यात बुडवून भरला आणि दादाच्या हातात दिला. दादा प्यायला. मग तिने पुन्हा भरला आणि गाडीच्या खिडकीतून वहिनीला दिला. वहिनीने तोंड लावून पूर्ण तांब्या रिकामा केला. सुनेने तो कट्ट्यावर ठेवला.

इंजिन निवल्यावर काकांनी झाकण हळूहळू सैल केलं, गाडी चालू केली आणि म्हणाले, "आता वता. बारीक धार." उरलेलं पाणी म्हातारीने स्वतः ओतलं. काकांनी फडक्याने हात पुसले. पोलीस पाटलांनी 'चला' असा हात केला. दगड त्या तरुणानेच पायाने बाजूला सारला. वाडीतल्या उरलेल्या दोन लग्नांचा निकाल तेवढ्यात लागला, हे मला नंतर कळलं. त्या वराती त्याच रस्त्याने वाजवत आल्या आणि बैठक कोणी बोलावली नाही.

गाडी निघाली. सनईवाल्याने सूर धरला.

"रस्त्यात उभ्या माणसाला कोण तांब्या देतो?" दादा मागून म्हणाला. "सगळे ओंजळीनेच पितात. मी हायवेवर पाणी मागणाऱ्या ट्रकवाल्यांना तसंच पाजतो. तुला प्रत्येक ठिकाणी तेच दिसतं."

"असेल," मी म्हटलं.

"असेल नाही. आहे."

मी उजव्या बाजूच्या आरशात बघत होते. सून हंडा घेऊन आत गेली. म्हातारी तिच्यामागून आत गेली. ओट्यांवरची माणसं पांगली. तांब्या कट्ट्यावर राहिला होता.

विसरला असेल. गडबड होती. दोन्ही हातात हंडा होता.

उताराच्या वळणाअगोदर वहिनी पुढे झुकली. सकाळपासून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती, दादाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"तो तांब्या आत नेला का हो त्यांनी?"

मी पुन्हा आरशात बघितलं.

"अजून नाही," मी म्हटलं.